शंकासुरासारखं झाड

सत्यवती भोईर गेली सहा वर्षं लोकांची मुलं सांभाळत होती. विरारजवळ चंदनसारच्या एका सोसायटीत तळमजल्यावर तिच्या मुलाचा, कल्पेशचा फ्लॅट होता. आईबाप सकाळी सातला मुंबईला निघायचे आणि जाताना मूल आजीच्या दारात सोडायचे. मुलं तिला आजी म्हणत, आईबाप काकी. या सहा वर्षांत एकाही मुलाला साधा टाकासुद्धा पडला नव्हता. तिला त्याचा अभिमान होता आणि कुणी विषय काढला की ती तो लपवत नसे.

मे महिना चालू होता. पाच मुलांपैकी दोघं गावी गेली होती. उरली होती तिघं. सिद्धेश सात वर्षांचा, उन्नती सहा वर्षांची आणि दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिस्काचा मुलगा फ्लॉईड पाच वर्षांचा. त्या दिवशी दुपारी दोनला वीज गेली ती आलीच नाही. सून दिपिका शाळेत शिक्षिका होती. तिला सुट्टी होती आणि ती आतल्या खोलीत झोपली होती. घरात घामाने पोरं कावली, तेव्हा चारच्या सुमाराला सत्यवती त्यांना घेऊन बाहेर कंपाउंडमध्ये गेली.

पंपाच्या खोलीमागे भिंतीला लागून सावली होती. तिथे दोन झुडपं होती, माणसाच्या उंचीची. प्रिस्काने फ्लॅट घेतला त्या वर्षी तिच्या वडिलांनी, म्हणजे माणिकपूरच्या स्टॅनी तुस्कानोंनी, स्वतः येऊन ती लावली होती. बारीक झिरमिळ्या पानांची, पिवळ्या फुलांची झाडं ती. प्रत्येक फुलातून बोटभर लांब लाल तुरे बाहेर आलेले असत. पाणी घाला न घाला, उन्हाळाभर फुलत राहायची. सोसायटीत सगळे त्याला पिवळा शंकासुर म्हणत. सत्यवतीही तेच म्हणायची.

फुलांखाली हिरव्या चपट्या शेंगा लोंबत होत्या. सिद्धेशने एक तोडून विचारलं, ही कसली शेंग. सत्यवतीने सांगितलं, ही शंकासुराची, आम्ही लहानपणी खायचो. तिचं माहेर खाडीकाठचं. तिथल्या देवळाच्या कुंपणाला शंकासुर होता आणि दुपारी सगळ्या पोरी मिळून त्याच्या कोवळ्या शेंगा सोलायच्या. आतले हिरवे दाणे मटारासारखे गोड लागायचे. हे ऐकल्यावर तिन्ही मुलं आम्हालाही हव्यात म्हणून मागे लागली.

ती कट्ट्यावर बसली आणि तिने आठ-नऊ शेंगा तोडून सोलल्या. सोलताना तिला दोन गोष्टी जाणवल्या होत्या. शेंगांवर बारीक लव होती आणि बोटं चिकट होत होती. शिवाय हाताला एक उग्र वास येत होता. तिच्या गावच्या शेंगा अशा नव्हत्या. हल्लीची झाडं सगळी कलमी, वास वेगळा येणारच, असं तिने मनाशी म्हटलं आणि दोन दाणे स्वतः तोंडात टाकले. किंचित कडवट लागले. मग तिने मुलांच्या हातावर दाणे ठेवले. सिद्धेशने मागून मागून दहाएक खाल्ले. फ्लॉईडने चार खाल्ले आणि तोंड वाकडं केलं. उन्नतीने एक खाल्ला आणि बाकीचे मूठभर फ्रॉकच्या खिशात भरले.

पावणेपाचला उन्नतीची आई सुमेधा आली. ती त्या दिवशी अर्धी रजा टाकून निघाली होती. वसईला पारनाक्याजवळ तिच्या मोठ्या भावाकडे धाकट्या भावाची हळद होती. तिने घाईघाईने पोरीचे केस विंचरले आणि रिक्षात बसून दोघी गेल्या.

साडेपाचला सिद्धेश म्हणाला, पोटात दुखतंय. दहा मिनिटांनी त्याला उलटी झाली. सत्यवतीने पाठीवरून हात फिरवला, लिंबाचं सरबत दिलं. ते घोटभर पोटात गेलं आणि तसंच बाहेर आलं. मग तो थांबेचना. पोट आवळून जमिनीवर लोळायला लागला, घामाने अंग गार पडलं. दिपिका उठून आली. तिने विचारलं, काय खाल्लं यानं. सत्यवती म्हणाली, काही नाही, ऊन लागलंय.

हे तिच्या तोंडून जातंय तोच तिची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथे चित्रं काढत बसलेल्या फ्लॉईडने पोटावर हात ठेवला होता.

ती दार उघडून बाहेर गेली. कट्ट्यावर सोललेली सालं अजून पडली होती. ती तिने भराभर गोळा केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली, वर दोन वर्तमानपत्रं टाकली. असं का केलं ते तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. झाकण लावून ती वळली तर समोर ती दोन झाडं उभी होती. पहिल्यांदाच तिने त्यांच्या फांद्यांकडे नीट बघितलं. देवळाजवळच्या शंकासुराला काटे होते. फांदी ओढताना पोरींच्या हाताला ओरखडे यायचे. या झाडाला एकही काटा नव्हता.

तिने डबा उपडा केला आणि सालं पुन्हा वेचून पदरात बांधली. एक अख्खी शेंग आणि फुलाची फांदी तोडून घेतली.

रिक्षात दिपिकाच्या मांडीवर सिद्धेश आणि सत्यवतीच्या मांडीवर फ्लॉईड होता. विरार पूर्वेला स्टेशनकडे जाताना मुलांचा एक छोटा दवाखाना आहे, तिथे त्यांनी मुलांना नेलं. डॉक्टर शर्ली डिमेलो म्हणून पस्तिशीच्या बाई होत्या. त्यांनी बघताक्षणी दोघांना आत घेतलं, सलाईनची तयारी करायला सांगितली आणि विचारलं, काय खाल्लं. सत्यवतीने पदर सोडून शेंगा पुढे केल्या. म्हणाली, खेळता खेळता तोंडात घातलं असेल पोरांनी, माझं लक्ष नव्हतं.

"किती दाणे?" डॉक्टरांनी विचारलं.

सत्यवती शेंगांकडे बघत माहीत नाही म्हणाली.

डॉक्टरांनी शेंग उलटसुलट करून बघितली. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या की आपल्याकडे अशी बीसुद्धा आहे की एक नीट चावून खाल्ली तर मूल दगावतं. हे झाड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. कोणतं झाड, किती दाणे, किती वाजता, एवढं समजलं तर त्यांना काही करता येणार होतं, नाहीतर अंधारात चाचपडायचं होतं.

आत सिद्धेश आईला हाक मारत होता. त्याचा आवाज चिरकला होता. सत्यवतीला वाटलं, आपण आत्ता खोटं बोललो ते या मुलाच्या जिवावर बोललो. तिने टेबलाची कड धरली.

"मीच सोलून दिल्या," ती म्हणाली. "माझ्या हातानी. शंकासुर समजले मी. मोठ्यानी दहा खाल्ले, लहान्यानी चार. सव्वाचार वाजले होते."

दिपिका तिच्याकडे बघतच राहिली. डॉक्टरांनी फक्त मान हलवली आणि लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, आणखी कुणी खाल्लं का.

उन्नतीची आठवण सत्यवतीला त्या क्षणी झाली. तोवर तिच्या मनात फक्त समोरची दोन मुलं होती. खिशात मूठभर दाणे घेऊन पोर वसईला गेली होती, आणि आता सव्वासहा वाजले होते.

सुमेधाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दिपिकाने मेसेज केले, ते वाचले गेले नाहीत. सुमेधाचा नवरा जितेंद्र जिथे कामाला होता तिथे फोन दारावर जमा करावा लागे. तो सातपर्यंत मिळणार नव्हता. भावाचं नाव, नंबर कुणालाच माहीत नव्हतं. पारनाका एवढंच माहीत होतं.

मग दिपिकाने सिद्धेशच्या आईबापांना कळवलं आणि प्रिस्काला फोन केला. प्रिस्का अंधेरीच्या ऑफिसातून तशीच निघाली, पण निघण्याआधी तिने वडिलांचा नंबर दिला. स्टॅनी तुस्कानोंनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. सत्यवतीने सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, ते शंकासुर नाही.

त्यांनी बावीस वर्षं ओमानच्या वाळवंटात तेलाच्या कंपनीत काढली होती. कॅम्पच्या दारात हे झाड होतं, वाळूत, पन्नास डिग्री उन्हात फुलायचं. येताना त्यांनी त्याचं बी आणलं होतं. शंकासुराचंच भावंड, घेवड्या-वाटाण्याच्या घराण्यातलं, पण शेंगा विषारी. कॅम्पवरच्या माळ्याने त्यांना बजावलं होतं की शेळीला पण खाऊ देऊ नका. त्यांनी ते इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. शेंगा कोण खाणार, असं त्यांना वाटलं होतं.

माणसं मरतात का, हे सत्यवतीने त्यांना विचारलं. ते म्हणाले, माहीत नाही.

डॉक्टरांनी फोन घेऊन स्टॅनींकडून झाडाचं इंग्रजी नाव समजून घेतलं आणि दिल्लीच्या विष-माहिती केंद्राला फोन लावला. त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायला सत्यवतीकडे वेळ नव्हता. डॉक्टरांनी एक हात फोनवर ठेवून तिला एवढंच सांगितलं की त्या मुलीला शोधा, जवळच्या दवाखान्यात न्या, मुद्दाम उलटी काढायला लावू नका. स्वतः तिने दोन दाणे खाल्लेत हे ती बोलली नाही. बोलली असती तर तिला तिथेच झोपवलं असतं.

दिपिकाला मुलांपाशी ठेवून ती विरार स्टेशनला चालत गेली. वसई रोडला उतरली तेव्हा फोनवर ठरल्याप्रमाणे पश्चिमेला पुलाखाली स्टॅनी स्कूटर घेऊन उभे होते. सत्तरीचा उंच, वाकलेला माणूस, पायात घरातल्या चपला तशाच. दोघं आजवर दोन-तीनदाच भेटले होते, ख्रिसमसला केकची डबी देता-घेता. सत्यवती मागे बसली. स्टॅनींनी फ्लॉईडची चौकशी केली. ती म्हणाली, सलाईन लावलंय.

माणिकपूर मागे पडलं आणि तिच्या पोटात पहिली कळ आली. तिने हाताला लागेल ते घट्ट धरलं. बाभोळ्याला सिग्नलशी तिने स्टॅनींच्या खांद्यावर थाप मारली, उतरली आणि गटाराकडेला बसून ओकली. आतडी कुणीतरी पिळावीत तशी वेदना होती. दोन दाण्यांनी मोठ्या बाईची ही गत, मग सहा वर्षांच्या पोरीचं काय होत असेल, हा विचार आला आणि ती पदराने तोंड पुसत उठली.

स्टॅनी पाण्याची बाटली घेऊन आले. त्यांना काय ते समजलं.

"तुम्ही पण खाल्लंत," ते म्हणाले. "बाई, आधी तुम्ही दवाखान्यात चला."

"पोर मला वळखते," सत्यवती म्हणाली. "तुमाला नाय. चला."

पारनाक्याला पोहोचेपर्यंत दिवे लागले होते. लग्नाचे दिवस होते. एका बाजूला गाणी वाजत होती आणि गल्लीपलीकडून दुसऱ्या डीजेचा धडधडाट येत होता. पहिल्या मांडवात गेले तर तिथे सगळे अनोळखी होते. एका बाईने कोणाचे पाहुणे म्हणून विचारलं, तिला सुमेधाचं नाव सांगितलं तर माहीत नाही म्हणाली. दुसरा मांडव गल्लीच्या टोकाला, घराशेजारच्या मोकळ्या जागेत होता. दोन-अडीचशे माणसं. पिवळ्या साड्या, पिवळे कुर्ते, आणि स्पीकर एवढा मोठा की छातीत ठोके पडत होते. फोन का उचलला जात नव्हता ते सत्यवतीला कळलं.

सुमेधा नवरदेवापाशी उभी होती, गालांना हळद लागलेली. काकींना तिथे बघून ती हसली, मग त्यांचा चेहरा बघून तिचं हसू गेलं. सत्यवतीने तिच्या कानाला तोंड लावून सांगितलं. सुमेधाला अर्धंच ऐकू आलं असावं. तिने एवढंच विचारलं, कुठे आहे उन्नती. ते सत्यवती तिला विचारायला आली होती.

उन्नती सापडली ती घराच्या ओट्यावर, खुर्च्यांच्या ढिगाऱ्यामागे. तिथे कुणाच्या तरी शालीवर ती आडवी झाली होती. एका म्हाताऱ्या आत्याने सांगितलं की पोरीने मघाशी ओकलं, गोड जास्त झालं असेल म्हणून झोपवलं. पोर पांढरी पडली होती, पण डोळे उघडे होते. आजीला बघून ती उठून बसली.

सत्यवतीने आधी तिच्या खिशात हात घातला. दोन दाणे होते. बाकीचा खिसा रिकामा होता.

"उन्नती, किती खाल्ले बाळा? खरं सांग, आजी रागावनार नाय."

उन्नतीने विचार केला. म्हणाली, "तीन. बाकीचे मी सगळ्यांना दिले."

सगळ्यांना म्हणजे कुणाला, ते तिला सांगता येईना. ओंकारदादाला दिला, एका छोट्या बाळाला दिला, आणि निळ्या ड्रेसवाली ताई होती तिला. आणखी कुणाला ते आठवत नव्हतं. मांडवात तीस-चाळीस मुलं धावत होती. सुमेधाने तोंडावर हात दाबून धरला आणि ती खाली बसली.

सत्यवतीला सहा वर्षांची उन्नती, तिची आई आणि मागे उभे असलेले स्टॅनी असे तिघं एकाच वेळी दिसले, आणि त्यांच्यापलीकडे नाचणारी ती गर्दी. एकेकाला विचारत फिरायला अर्धा तास लागला असता. पोटातली कळ पुन्हा उठली. तिने ती अंगावर घेतली आणि ती गर्दीतून सरळ डीजेच्या टेबलाकडे गेली. स्टॅनी पुढे होऊन वाट करत होते. टेबलामागच्या माणसाने हातानेच, नंतर या, अशी खूण केली. स्टॅनींनी खाली वाकून वायरच ओढली.

एकदम शांतता झाली. लोक ओरडायला लागले. त्या माणसाने वायर पुन्हा लावली, पण गाणं लावायच्या आत सत्यवतीने माईक हातात घेतला होता.

उभ्या आयुष्यात ती चार माणसांपुढे बोलली नव्हती. माईकमधून तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

"मी सत्यवती भोईर. चंदनसारला पोरं सांभाळते," ती म्हणाली. "माझ्याकडून चूक झालीय. मी उन्नतीला हिरव्या बिया दिल्या, त्या इषारी निघाल्या. तिनी त्या इथं वाटल्यात. मटारासारख्या दिसतात. ज्या पोरानी खाल्ल्या आसतील त्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. पोरांना मारू नका. त्यांची चूक नाय, माझी हाय."

मग आया धावल्या. पोरांचे दंड धरून, तोंडं उघडून बघायला लागल्या, नावं घेऊन हाका मारायला लागल्या. लहान मुलं घाबरून रडू लागली. निळ्या ड्रेसमधली मुलगी स्वतःच पुढे आली. तिने एक चावून थुंकला होता. सुमेधाच्या मोठ्या भावाचा मुलगा ओंकार, नऊ वर्षांचा, संडासात सापडला. तो पाऊण तास आतच होता, आतून कडी लावून, आणि गाण्यांच्या आवाजात त्याची हाक कुणाला ऐकू गेली नव्हती. बाळ सापडायला वेळ लागला. दीड वर्षाचं होतं, आजीच्या कडेवर. त्या आजीने बाळाच्या गालात बोट घातलं आणि ओला, अख्खा हिरवा दाणा बाहेर काढला.

कुणीतरी गर्दीतून सत्यवतीला शिवी दिली. एका माणसाने तिचा हात धरून हिसका दिला, ही बाई कोण, हिला कुणी सोडलं आत म्हणून. स्टॅनी मध्ये उभे राहिले आणि म्हणाले की झाड माझं आहे, मला विचारा. सुमेधा तोपर्यंत उन्नतीला उचलून रिक्षाकडे पळाली होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

वसईतल्या दवाखान्यात रात्री आठला पाच जणांना तपासलं. चार मुलं आणि सत्यवती. डॉक्टर शर्लींचा फोन तिथल्या डॉक्टरांना आला होता. दिल्लीहून कळलं होतं की या शेंगांनी पोट आणि आतडी जळजळतात, उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी जातं. पाणी भरत राहिलं तर बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतं. या 'बहुतेकदा'ने सत्यवतीला रात्रभर झोप लागू दिली नाही. बाजूच्या खाटेवर ओंकार कण्हायचा तेव्हा ती उठून बसायची. तिच्या खाटेपाशी कुणी येत नव्हतं. ओंकारची आई पाठ करून बसली होती.

सकाळी सहाला दिपिकाचा फोन आला. फ्लॉईडने बिस्कीट मागितलं होतं. सिद्धेशला मध्यरात्री एकदा शुद्ध हरपल्यासारखं झालं होतं, दुसरं सलाईन चढवावं लागलं, पण आता लघवी झाली होती आणि डॉक्टर म्हणत होत्या की धोका टळला. सत्यवतीने फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पहिल्यांदाच रडली.

निळ्या ड्रेसमधली मुलगी आणि बाळ त्याच रात्री घरी गेली होती, उन्नती, ओंकार आणि फ्लॉईड दुसऱ्या दिवशी. सिद्धेश तिसऱ्या दिवशी.

पुढे बरंच काही झालं. सिद्धेशच्या वडिलांनी सोसायटीच्या सभेत सांगितलं की पोलिसांत देणार. दिलं मात्र नाही. सत्यवती त्यांच्या दारात माफी मागायला गेली, तेव्हा सिद्धेशच्या आईने तिला दारातच उभं ठेवलं, शब्द ऐकून घेतले आणि हळूच दार लावलं. त्याबद्दल सत्यवतीला राग आला नाही. स्टॅनी दोन माणसं घेऊन आले आणि त्यांनी दोन्ही झाडं मुळासकट उपटली. पडलेलं एकेक बी त्यांनी गुडघे टेकून वेचलं. संपूर्ण दुपार गेली त्यात. माणिकपूरच्या घरचंही झाड काढलं असं प्रिस्का म्हणाली. फ्लॉईडला तिने आता स्टॅनींकडेच ठेवायला सुरुवात केली होती.

सत्यवतीने पाळणाघर बंद केलं. कल्पेश म्हणाला, लोक विसरतील. ती म्हणाली, लोकांचं नाही, माझंच सांगते. तिला भाजी निवडतानाही धडकी भरायची. गवार हातात घेतली की ती दोनदा वास घ्यायची. आयुष्यभर जे जे ठाऊक होतं म्हणून केलं, त्यातलं काय खरं आणि काय सारखं दिसणारं, हे तिला आता ठरवता येत नव्हतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी सुमेधा आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. तिने सांगितलं की महिनाभर दुसऱ्या दोन ठिकाणी ठेवून बघितलं, उन्नती राहत नाही. मग थोडं थांबून म्हणाली, "काकी, मला तुमची भीती वाटते. खोटं नाही बोलत. पण त्या दिवशी तुम्ही गुपचूप मला बाजूला घेऊन सांगितलं असतंत आणि बाकी झाकलं असतंत, तर ओंकार त्या संडासात तसाच राहिला असता. हे माझी वहिनी पण म्हणाली."

"मला पन भीती वाटते," सत्यवती म्हणाली.

"मग चालेल," सुमेधा म्हणाली.

ठरलं असं की उन्नती शाळा सुटल्यावर चार तास येईल, डबा घरून आणेल. सोमवारी ती आली. दप्तर कोपऱ्यात टाकलं, हात धुतले, डब्यातली पोळीभाजी खाल्ली आणि तरीही भूक आहे म्हणाली. टोपलीत केळी होती. सुमेधाला फोन करून सत्यवतीने विचारलं, केळं देऊ का. सुमेधा द्या म्हणाली. सत्यवतीने केळं सोललं, देठ आणि टोक कापलं, स्वतः एक तुकडा खाल्ला आणि पाच मिनिटं वाट बघितली. मग बाकीचं ताटलीत घालून पोरीपुढे ठेवलं. उन्नती पाय हलवत खात होती, वर्गातल्या कुठल्या मुलीचं काहीतरी सांगत होती. शेवटचा घास गिळून होईपर्यंत सत्यवती तिच्या गळ्याकडे बघत राहिली. मग घड्याळाकडे बघून तिने वेळ लक्षात ठेवली.